बनामावशीच्या तळहातातला रस्ता

किकवीत एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती. गिरणीवाली बनाबाई बहिरी नाही, बहिरेपणाचं सोंग करते.

ही बातमी हायवेच्या पुलाखाली जन्मली, वडापच्या जीपमध्ये कुणाच्या तरी मांडीवर बसून नसरापूरला गेली, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आली तोवर चांगली बाळसेदार झाली होती. "दळाण लवकर द्या म्हणणाऱ्याचं तेवढं ऐकू येत न्हाई तिला," असं किराणा दुकानाच्या पायरीवर एकानं म्हणायचं, की बाकीच्यांच्या माना हलायच्या. आणि पुरावा कुणी मागितलाच तर चिमाजी आण्णांकडं बोट.

आण्णा म्हणजे एसटीचे रिटायर ड्रायव्हर. एसटी सुटली, पण आवाज अजून घाट चढतानाचाच. त्यांनी एकदा गिरणीत जाऊन रीतसर प्रयोग केला होता. बनाबाई पाठमोरी पीठ चाळत होती. आण्णा मागं उभे राहिले आणि ओरडले, "बनाबाई, साप!" बाई ढिम्म. आण्णांना वाटलं, खरंच बहिरी आहे बिचारी. तेवढ्यात त्यांच्याच हातातली बाजरीची पिशवी सटकून खाली पडली, धप्प. बनाबाई गर्रकन वळली. "आण्णा, पिशवी फाटंल की! आमची फरशी काय गादी वाटली का तुमाला?"

झालं. "सापाला वळली न्हाई, बाजरीला वळली!" आण्णा महिनाभर सांगत हिंडले. "सोंग हाय सोंग. ईस वर्सं बारा घाटांत गाडी मारलीय म्या, मला शिकवू नका."

आता खरं काय ते सांगते. बनामावशी बहिरी होती. चांगली ठार बहिरी. सगळं आयुष्य त्या गिरणीच्या घरघरीत गेलं आणि घरघरीनं कान कुरतडत नेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोन गेला, मग माणसं गेली. पुण्याच्या दवाखान्यात तपासून कानातलं यंत्र आणलं, तर त्यात गिरणीच तेवढी मोठी होऊन आत शिरायची आणि माणसं होती तिथंच लांब राहायची. मावशीनं ते यंत्र हळदीच्या रिकाम्या डब्यात घालून ठेवलं आणि पुन्हा बघितलं नाही. समोरच्याचे ओठ ती वाचायची. अवघड काही असलं तर सून दीपमाला पिठानं पांढऱ्या झालेल्या पत्र्यावर बोटानं लिहून दाखवायची आणि फुंकर मारून पुसायची.

मग बाजरी कशी कळली? पायाला कळली. मावशी गिरणीत कायम अनवाणी. सिमेंटचा कोबा, त्याच्यावर उघडे तळवे, आणि हात गिरणीच्या पत्र्यावर. दाणे संपत आले की पत्रा वेगळा थरथरतो, ओलसर गहू असला की वेगळा, मोटर दमली की वेगळा. "गिरणी माज्याशी हाताला बोलती," ती म्हणायची. आण्णांना हे कुणी समजावून सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर आण्णांनीही ते कानाआडच केलं असतं.

पण श्रावणात एक भानगड झाली.

मावशीची टाच दुखायला लागली होती. मुलगा आकाश प्रेमानं भोरहून मऊ चपला घेऊन आला, दोन बोटं जाड तळाच्या. "आई, पायात घालूनच फिरायचं. अनवाणी दिसलीस तर बघ." मावशीनं घातल्या. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मोटरचा पट्टा पुलीवरनं सरकला, घासायला लागला, जळका वास सुटला, धूर झाला, आणि मावशी आपली दारात वाऱ्याला तोंड करून, पाठमोरी, मजेत ज्वारी पाखडतेय. आकाशनं पळत येऊन मेन स्विच पाडला. कुणाला काही झालं नाही. पण आकाशनं त्या दिवशी जो धसका घेतला तो घेतलाच.

"आई, बास आता," त्यानं पत्र्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. "दिवाळीनंतर गिरणी काढायची."

मावशीनं वाचलं आणि तळहातानं सगळं पुसून टाकलं. पण लिहिलेलं गेलं तरी ठरलेलं गेलं नाही. बाकी कुणाचं काही म्हणणं असेल नसेल, मावशीचं एकच होतं. गिरणी गेली तर तिच्याशी बोलणारं घरात दुसरं कोण उरलं? माणसांचे ओठ हलतात, आणि माणसं तोंड फिरवून बोलतात. गिरणीनं कधी तोंड फिरवलं नव्हतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्या काचेवर रोज पिठाची साय धरायची. सकाळी पदरानं ती काच पुसायची आणि मग बटण दाबायचं, हा मावशीचा दिवस. हा दिवसच काढून टाकायचा म्हणत होता आकाश.

आता आकाशचं सांगते, म्हणजे भिंतीपलीकडचं. शिरवळच्या कंपनीतली शिफ्ट सोडून त्यानं गिरणीशेजारच्या धान्याच्या खोलीत गेम झोन काढला होता. दोन टीव्ही, एक जुना सोफा, वायरींचं जंगल. जुना चार नंबरचा प्लेस्टेशन होताच, आणि गणपतीच्या सुमाराला त्यानं पाच नंबरचा आणला. पांढराशुभ्र, कॉलर ताठ केलेला. आकाशला वाटलं, पोरं उड्या मारतील. पोरांनी त्याच्याकडं पाहुण्यांनी आणलेल्या सोनपापडीकडं बघावं तसं बघितलं.

त्याला कारण होतं सम्राट, माझा सख्खा थोरला भाऊ. गेम झोनमधला त्याचा शब्द म्हणजे शेवटचा, आणि बोलायचा असा की समोर कॅमेरा लावलाय.

"तर भावांनो, काय हाय नवीन? पैल्या डब्यात मान्सं ठोकळ्याची व्हती. बरोबर? दुसऱ्यात त्यांना नाक आलं. तिसऱ्यात वायर गेली, बसल्या जागी खेळा. चौथ्यात दिल्लीच्या पोराला हितनं हरवता आलं. आता मला सांगा, पाचव्यात काय आलं?"

"काय आलं?" पोरं एका सुरात.

"बिल आलं!"

"सम्या, ग्राफिक्स बघ की लेका," आकाश कळवळायचा. "खेळाडूच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो."

"मला काय त्याचा घाम पुसायचाय व्हय?"

"लोडिंग बघ! बटण दाबलं की सुरू."

"त्येच तर! चारवर गेम चालू व्हईस्तवर मी मिसळ खाऊन यायचो. ह्यानं माझी मिसळ बुडवली."

पोरं सोफ्यावरनं खाली पडायची. मीही पडायचे. मी तर सम्राटचंच वाक्य सम्राटच्याच आवाजात घरी जाऊन म्हणून दाखवायचे, "पाच म्हंजी काय, पांढरा रंग दिल्याला चार," आणि आई स्वयंपाकघरातनं म्हणायची, "सम्या, शेफाली कुठाय रं?" आवाज काढणं हा माझा धंदा. आण्णांचा काढायचे, आकाशदादाचा काढायचे, आणि गावात सगळ्यात जास्त मागणी बनामावशीच्या आवाजाला होती. मावशी स्वतःला ऐकू येत नाही म्हणून इतकी मोठ्यांदा बोलायची, की हायवेवरचा ट्रकवाला पत्ता विचारायला थांबावा.

तर पोरं सगळी जुन्याला चिकटलेली, आणि नव्यावर आकाशनं धुळीसाठी रुमाल झाकून ठेवलेला. बिचारा त्या रुमालाखाली पांढरा पांढरा बसून होता.

पण आमची पोरं एक गोष्ट करायची, जी आमच्याकडं सगळेच करतात. वस्तू नवी आली की पहिल्यांदा तिची थरथर बंद. लाईटचा भरवसा नाही, मोबाईल असो की रिमोट, चार्जिंग पुरवून खायचं. मोबाईल विकत घेऊन दुकानाच्या पायऱ्या उतरायच्या आत व्हायब्रेशन बंद करणारी पोरं ही. नव्या प्लेस्टेशनच्या रिमोटचंही तेच केलं, पहिल्याच दिवशी, पहिल्याच मिनिटाला. तो रिमोट काय बोलतो हे ऐकून घ्यायच्या आधीच त्याच्या तोंडावर हात ठेवला होता आम्ही.

एका दुपारी लाईट गेली आणि आली ती झटका देऊन आली. नवा डबा रुसला. आकाशनं त्याला पुन्हा पहिल्यापासून सेट केलं आणि सम्राटला म्हणाला, "चालतोय का बघ जरा." सम्राटनं गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला आणि लगेच ओरडला, "आरं, ह्ये काय गुदगुल्या करतंय! थरथर चालू झाली परत." बंद करणार, एवढ्यात त्याचा फोन वाजला. दारात बनामावशी चहाचे कप घेऊन उभी. चपला उंबऱ्यापाशी काढलेल्या, मुलाच्या फरशीवर पीठ नको म्हणून. सम्राटनं कप घेतले आणि रिमोट तिच्या हातात कोंबला. बोटानं खूण केली, हे बटण दाबून धरा, सोडू नका. आणि गेला बाहेर बोलायला.

मावशी उभी राहिली. हातात रिमोट, बोट बटणावर. गाडी आपली स्क्रीनवर चाललीय कुठं तरी. आणि मावशीच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं.

तिनं डोळे मिटले.

"खडी," ती म्हणाली.

आम्ही स्क्रीनकडं बघितलं. गाडी रस्ता सोडून खडीवर गेली होती.

"आता डांबर." डांबरच होतं. "परत खडी. ह्ये पानी. पान्यातनं चाललीय." गाडी ओढ्यातनं चालली होती. "आन आता डावं चाक खड्ड्यात गेलं. ह्यो रस्ता आपल्या पुलाखालचा दिसतोय!"

डोळे मिटलेलेच. आकाश तोंड उघडं टाकून बघत राहिला. मावशीनं दुसरं बटण दाबून बघितलं, ब्रेकचं, आणि एकदम हसली. "बोटाला उलटं ढकलतंय! खऱ्या ब्रेकवानी! आकाश, आरं ह्ये जितं हाय!"

"मावशी, थरथर जुन्यालापण व्हती," मी तिच्यासमोर जाऊन ओठ मोठे करून म्हटलं. हरायची सवय नव्हती मला.

"आन जुना."

जुन्याचा रिमोट दिला, तोच तसला गाड्यांचा गेम लावला. मावशीनं तो दोन्ही हातांत धरला, थोडा वेळ तोललाही. "ह्ये नुसतं गुरगुरतं," ती म्हणाली. "खडीला तेच, पान्याला तेच. धडकलं तरी तेच. मुक्या मानसानं घसा खरवडावा तसं. आन ह्याला," नवा रिमोट पुन्हा उचलून तिनं गालाला लावला, "ह्याला बोलता येतंय. डावं-उजवंसुद्दा येगळं सांगतंय. आन तुमी म्हनता नवं काय न्हाई! मुडद्यांनो, डोळ्यांनीच काय बघत बसता?"

सम्राट फोन संपवून आत आला. त्याला सगळं सांगितलं, तर तो ओठ मुडपून म्हणाला, "नशिबानं बरोबर आलं असंल." आणि आपल्या रिमोटची थरथर बंद करून बसला. दुसऱ्या रिमोटची राहिली चालू. तो रिमोट त्या दिवसापासून मावशीचा.

त्याच संध्याकाळी गिरणीत वाद झाला. मावशी म्हणाली, "मला ऐकू येत न्हाई म्हनून गिरनी काढतोस. मला हातानं कळतंय, आत्ताच बघितलंस." आकाश म्हणाला, गेम वेगळा आणि गिरणी वेगळी, गेममध्ये धूर होत नाही. ती ऐकेना. दळणाला आलेली चार माणसं बघतायत, आण्णाही त्यातच. शेवटी आकाश चिडून बोलून गेला, "असं कर आई, तू त्या सम्राटला शर्यतीत हरव. हरवलंस तर मी गिरणीचं नाव काढणार न्हाई. ऱ्हाऊ दे गिरणी जल्मभर!"

म्हणजे काय, की हे होणं नाही. पण मावशीनं ओठ वाचले आणि पुढं येऊन पिठाचा हात पसरला. "दे टाळी."

"आगं आई, मी आपलं…"

"चार मान्सांत बोललास. दे टाळी."

"द्या की टाळी, आकाशराव," आण्णा म्हणाले. "मी साक्षीदार." आण्णांना वाटत होतं, आता सोंग उघडं पडणार. टाळी बसली. आकाशच्या काळ्या शर्टावर रात्री झोपेपर्यंत पांढरा पंजा होता, कारण टाळी दिल्यावर मावशीनं पाठही थोपटली.

मग तिनं माझ्याकडं बोट केलं. "आन ही भवानी. तुझं काय म्हननं?"

मी म्हटलं, सम्राट जिंकणार, आणि पाच म्हणजे पांढरा चारच.

"लाव पैज. हारलीस तर दर रविवारी गिरनीवर यायचं, पांढरं व्हायचं. आन मागारी माझा आवाज काढतीस न्हवं? तो माझ्याम्होरं काढायचा."

मी हबकले. "तुमाला कसं कळलं?"

"तू तोंड उघडलंस की सगळी माज्याकडं बघून हसत्यात. म्या बहिरी हाय, आंधळी न्हाई."

मी टाळी दिली. सम्राट हरेल असं तेव्हा किकवीत कुणालाच वाटत नव्हतं, सम्राटला तर नाहीच.

दुपारी गिरणी शांत असायची, तेव्हा मावशी गेम झोनमध्ये तेलाचा डबा उपडा घालून बसायची. चपला बाहेर. पहिले दिवस गाडी सरळ दरीत. मावशी दरीत गेली की शिव्या घालायची गाडीला, गाडी बनवणाऱ्याला, दरीला. दीपमाला एका हातात पिठाचं ताट घेऊन शेजारी बसायची, त्यावर लिहायची, "आत्या, डोळे उघडा आता, वळण आलं." दोघींची जोडी भारी. एक वळणाचं लिहायची, दुसरी रस्त्याचं बोलायची. हळूहळू मावशीला कळलं की डोळे वळणासाठी, आणि तळहात टायरसाठी. टायर सुटायच्या आधी रिमोटमध्ये बारीक वाळू सरकल्यासारखं होतं. तिथं बोट ढिलं करायचं. "दाना संपायच्या आधी गिरनी सांगती, तसंच," ती म्हणायची.

आणि एका दुपारी तिनं अचानक गाडी थांबवली आणि उंबऱ्यापाशी पडलेल्या चपलांकडं बघत बसली. मग दीपमालाला म्हणाली, "दीपे, श्रावणात पट्टा सरकला तवा माज्या पायात काय व्हतं गं?"

दीपमालानं चपलांकडं बघितलं, सासूकडं बघितलं, आणि कपाळावर हात मारला. कपाळ पांढरं झालं.

"आकाशला सांगते मी," ती लिहायला लागली.

मावशीनं ताट हलवून पुसून टाकलं. "नको. बोललेलं त्याला खरं वाटायचं न्हाई. बघितलेलं वाटंल."

शर्यतीला दिवाळीच्या आधीचा रविवार धरला. वर्षातला गिरणीचा सगळ्यात मोठा दिवस, चकलीची भाजणी, अनारशाचे तांदूळ, बाहेर डब्यांची रांग. गिरणी बंद ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून ती दीपमालाकडं दिली. भिंतीपलीकडं घरघर, अलीकडं गर्दी. दळणाला आलेलं निम्मं गाव गेम झोनच्या दारात. सम्राट हातमोजे घालून आला होता. कसले, तर मोटारसायकलवाल्याचे, बोटं कापलेले. मावशीनं चपला दाराबाहेर काढल्या, डब्यावर बसली, आणि दोन्ही तळवे फरशीवर नीट टेकवले.

रस्ता निवडायचा मान सम्राटचा. त्यानं विचार करून घाटाचा रस्ता घेतला आणि वर धुकं टाकलं. दाट. दहा पावलांपलीकडं काही दिसू नये असं. मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आहे हे त्याला ठाऊक होतं. लबाड आहे माझा भाऊ.

"मावशी, धुकं चालंल ना?" तो ओठ ताणून म्हणाला.

"न चालायला काय झालं? जल्म पिठात गेला माझा."

स्क्रीनचे दोन भाग झाले, वर सम्राट, खाली मावशी. तीन, दोन, एक. गाड्या सुटल्या.

पहिल्या दोन वळणांत सम्राट पुढं. त्याची पद्धत अशी की डोळे पुढं आणि कान टायरकडं, टायर कुंईं करायला लागलं की सावरायचं. पण आज कान कुठं देणार? आण्णा त्याच्या डोक्यावर उभे. "गिअर टाक! अय, गिअर! हॉर्न दे, हॉर्न! घाटात हॉर्न द्यायला काय झालं तुला?"

"आण्णा, गप बसा ओ! टायर ऐकू येईना मला!"

"आमी वरंधा घाट उतरायचो तवा टायर ऐकत न्हवतो!"

मावशीला यातलं काही नव्हतं. तिच्यासाठी खोली शांत होती, सरोवरासारखी. डाव्या तळहातात खडी आली की ती उजवीकडं जरा सरकायची, उजव्यात आली की डावीकडं. धुक्यातनं तिची गाडी रस्त्याच्या मधोमध चालली होती, कुणी बोट धरून नेल्यासारखी. तिसऱ्या वळणाला तिनं सम्राटला गाठलं. दारातल्या बायकांनी आरोळी ठोकली. चौथ्याला ती पुढं. आकाश नखं खात होता, आणि ती कुणाच्या बाजूनं खातोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

आणि एकदम मावशीच्या कपाळाला आठी पडली.

हातात सगळं ठीक होतं, डांबर. पण पायात काहीतरी वेगळं होतं. उजव्या पायाचा अंगठा तिनं फरशीवर दाबला. उचलला. परत दाबला. मग मान वर न करता, त्या हायवेवरच्या ट्रकला थांबवणाऱ्या आवाजात ओरडली,

"दीपे! पट्टा सरकतोय! बंद कर! बंद कर म्हन्ते न्हवं!"

सगळे गप्प झाले. कान टवकारले. भिंतीपलीकडं नेहमीची घरघर, कुणाला काही वेगळं वाटेना. आण्णा म्हणाले, "काय न्हाई ओ, चांगली चाललीय." पण आकाश उठून पळाला होता. तिकडं दीपमालानंही ती हाक भिंतीतनं ऐकली आणि आधी स्विच पाडला, मग बघितलं. पट्टा पुलीच्या अगदी काठाशी आला होता, बोटाच्या पेराएवढा उरला होता. घासायला अजून लागलाच नव्हता. आवाज यायला अवकाश होता, वास तर लांबच.

आकाश त्या पट्ट्याकडं बघत उभा राहिला. दीपमालानं पत्र्यावर बोटानं एकच शब्द लिहिला, "चपला." आणि बाहेर दारात पडलेल्या त्या जाड तळाच्या मऊ चपलांकडं बोट केलं. आकाशनं तो शब्द वाचला, चपला बघितल्या, आणि त्याचा चेहरा असा झाला, की त्याची नक्कल मला अजून जमलेली नाही.

इकडं ओरडण्याच्या नादात मावशीचं बोट बटणावरनं सुटलं होतं. गाडी मंदावली. सम्राट सुसाट पुढं निघून गेला. शेवटचं वळण, धुकं अजून दाट. "आला! आला सम्या!" पोरं नाचायला लागली. मी तर सोफ्यावर चढले होते.

"आता ब्रेक मार!" आण्णा गरजले. "मार ब्रेक! मार की!"

"आण्णा, ओऽ…"

सम्राटला टायर ऐकू आलं नाही. कडा दिसला नाही. आणि हातातला रिमोट, ज्याला सगळं ठाऊक होतं, तो तोंडावर हात ठेवल्यामुळं गप्प बसला होता. गाडी गेली ती सरळ दरीत, चारी चाकं वर.

मावशीच्या डाव्या तळहातात वाळू सरकली. तिनं बोट ढिलं केलं, गाडी अलगद वळवली, आणि अशी रमत गमत शेवटची रेघ ओलांडली, जशी बाजारातनं पिशवी घेऊन घरी येतेय.

मग जो कल्ला झाला तो नसरापूरला ऐकू गेला असेल. बायकांनी डब्यांवर झाकणं वाजवली. मावशीला तो आवाज नाही, पण फरशी नाचत होती ती तिच्या तळव्यांना कळली, आणि ती खाली पायांकडं बघून हसायला लागली. आकाश पलीकडनं आला. त्यानं दाराबाहेरच्या मऊ चपला उचलल्या आणि आण्णांच्या हातात दिल्या.

"आण्णा, तुमची टाच दुखती म्हनत व्हता न्हवं? न्या."

"आन गिरनी?" मावशीनं विचारलं. ओठ नीट दिसावेत म्हणून ती उठून त्याच्या समोर उभी राहिली.

"बोललोय ना चार मान्सांत," आकाश म्हणाला. सावकाश, एकेक शब्द. "आन बोललो नसतो तरी ऱ्हाऊ दिली असती आता. पट्टा बघितला म्या."

आण्णा चपलांकडं बघत राहिले. "म्हंजी खरंच ऐकू येत न्हाई हिला?" त्यांनी मला विचारलं. मग कोब्यावर पाय आपटून बघितला. मावशी वळली. "काय आण्णा?" आण्णा इतके ओशाळले, की आवाज पहिल्या गिअरमध्ये आला.

सम्राटनं मात्र एक गोष्ट केली, ती सांगायला पाहिजे. गर्दी पांगल्यावर तो सोफ्यावर एकटा बसला, सेटिंगमध्ये गेला आणि आपल्या रिमोटची थरथर चालू केली. धुक्यात गाडी काढली. थोड्या वेळानं हातमोजेही काढले. मग डोळे मिटले. आम्ही बघतच राहिलो.

"खडी," सम्राट हळूच म्हणाला. "आक्श्या… ह्ये पैल्यापासनं होतं ह्याच्यात?"

"पैल्यापासनं."

"आन मी रंगाला नावं ठेवत बसलो."

दिवाळीत तो रुमाल निघाला आणि परत काही पडला नाही. आता गेम झोनमध्ये नियम आहे, चपला बाहेर आणि थरथर चालू. भोरहून पोरं येतात, सोफा पुरत नाही. त्यातला एखादा नवखा मोठ्या तोंडानं म्हणतोच, नवीन मशीन म्हणजे जुनंच, नुसता रंग. मग सम्राट त्याला त्याच कॅमेऱ्यासमोरच्या आवाजात म्हणतो, "भावा, डोळे मिट. आन आता बोल." ज्यांना चुरस हवी त्यांना दुपारी मावशी मिळते, पण पीठ उतरेपर्यंत थांबावं लागतं.

आणि माझी पैज.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी गिरणीत गेले. तासाभरात भुवयांपर्यंत पांढरी झाले. रांगेत बायका, आण्णा त्या मऊ चपला घालून, आकाशदादा भिंतीला टेकून, सगळे मी आता काय करते ते बघायला थांबलेले. मावशीनं कमरेवर हात ठेवले. "हं. काढ."

गावभर काढलेला आवाज तिच्या तोंडासमोर घशातनं बाहेर येईना. शेवटी डोळे मिटले आणि ओरडले, "दळाण हितं ठिवा, आन गप उभं ऱ्हावा! फरशी काय गादी वाटली का तुमाला?"

गिरणी हसून हसून हादरली. दीपमालावहिनीच्या हातातलं सूप गळालं. मावशी हसली नाही. ती पुढं आली आणि पिठाचा तळहात माझ्या पाठीवर टेकवला, गिरणीच्या पत्र्यावर टेकवते अगदी तसा, आणि डोळे मिटले.

"परत."

मी परत ओरडले.

तिनं थोडा वेळ हात तसाच ठेवला. मग मान हलवली.

"शेफे, ह्यो गळ्यातनं येतोय. माझा बेंबीतनं येतो," बनामावशी म्हणाली. "अजून खालनं काढ."